आठवड्यातून तीनदा माहेर

कॉलेजात तिला सगळे वहीवाली म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षाला बसलेल्या बावीस जणांत क्षेत्रकार्याची वही खरोखर रोजच्या रोज लिहिणारी ती एकटीच. बाकीची मंडळी तपासणीच्या आदल्या दिवशी एकत्र बसून महिन्याभराच्या नोंदी तीन रंगांच्या शाईत उरकून टाकत. हिला ते जमत नसे. घड्याळात बघून वेळ टाकायची, समास सोडायचा, जो जे बोलला ते शब्दाला शब्द उतरवायचं. खोड जुनीच होती. लहानपणी घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला पुढे करायच्या आधी ती विचारायची, "तुम्ही आमचे कोण लागता?" आई तेव्हापासून तिला चौकशी अधिकारी म्हणते.

पाहुणे फारसे यायचेच नाहीत, ही गोष्ट वेगळी. आईचे आईवडील हिच्या जन्माआधीच गेलेले आणि एकुलत्या एक मामाशी काहीतरी बिनसून बोलणं बंद झालेलं. मैत्रिणी सुट्टीत आजोळी जात तेव्हा ही घरात पुस्तक घेऊन बसे. माहेर म्हणजे काय हे तिने वाचूनच जाणलं होतं. परीक्षेत त्यावर दहापैकी नऊ गुणही मिळवले होते.

शेवटच्या वर्षाला तीस गुणांचं प्रोजेक्ट असे. पण गुणांचं एवढं काही नव्हतं. पुढच्या शिक्षणासाठी एका नावाजलेल्या विद्यापीठात या कॉलेजची एक जागा राखीव होती आणि तिथे कुणाचं नाव पाठवायचं ते विभागप्रमुख बाई प्रोजेक्ट बघून ठरवत. बाई नातेसंबंध शिकवायच्या. फळ्यावर पुरुषांचे त्रिकोण, बायकांची वर्तुळं, लग्नाच्या दोन आडव्या रेघा असं सगळं गणगोत मांडून झालं की खडूची बोटं झटकत विचारायच्या, "आता सांगा, यातला कोण कुणाकडे न कळवता जेवायला जाऊ शकतो?" वहीवालीला ती जागा हवी होती. नुसती हवी होती असं नाही, मनातल्या मनात तिने बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

प्रोजेक्टसाठी लांब जायचं तिला कारण नव्हतं. विभागाच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या तीन बायका होत्या. एका कंत्राटी कंपनीने नेमलेल्या, एकमेकींच्या कुणी न लागणाऱ्या, तरी एकमेकींना थोरली, मधली आणि धाकटी म्हणणाऱ्या. मुलं तिघींनाही सरसकट मावशी म्हणत. विषय आयता हातात आला: कामाच्या ठिकाणची मानलेली नाती. बाईंनी मान डोलावली आणि सहा आठवडे, रोज दहा ते एक, वहीवाली जिन्याजवळच्या बाकावर ठाण मांडून बसली.

थोरली पन्नाशीची, उंच, निळ्या कोटाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारी. मधली बोलघेवडी. धाकटी पंचविशीची आणि हल्ली जरा जपून चालणारी. पहिल्याच पानावर वहीवालीने लिहिलं, 'शिक्षण: तिघीही अल्पशिक्षित (अंदाजे).' अंदाजे हा शब्द कंसात टाकला की पाप धुतलं जातं अशी आपल्या अभ्यासू लोकांची एक समजूत असते. पुढे मात्र तिने खरंच डोळे उघडे ठेवून लिहिलं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. कॉरिडॉर पुसताना मागे मागे सरकायचं, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे उठत नाहीत. वर्गातून घोळका बाहेर पडला की मॉप भिंतीला लावून उभं राहायचं आणि घोळका गेला की पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी मधली दिसेना.

"मावशी, मधल्या मावशी कुठे गेल्या?" वहीवालीने थोरलीला विचारलं.

"माहेरी," थोरलीने मॉप पिळत सांगितलं.

"कधी येतील?"

"येईल की अर्ध्या तासात."

मधली खरंच अर्ध्या तासात आली आणि चेहरा कसा अगदी टवटवीत. वहीवालीने नोंद केली. दुसऱ्या दिवशी धाकटी माहेरी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. मग दर दिवशी कुणी ना कुणी जातच राहिलं. मधूनच एकजण दुसरीला सांगे, "आटप गं, सासूबाई यायची वेळ झाली," किंवा "सासूबाईंचा पारा आज चढलाय." तेही वहीत गेलं. बिचाऱ्या बायका, कामावर आल्या तरी डोक्यातून सासू जात नाही, असं वाटून वहीवालीचा जीव तुटला. तिने त्यासाठी वेगळा रकाना आखला.

प्रोजेक्ट चाळीस पानांचं झालं. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'सर्व माहितीदात्या स्त्रियांची माहेरे कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याचे दिसते, यावरून विवाहसंबंध जवळच्या परिसरातच जुळत असावेत असे अनुमान काढता येते.' शेवटी तक्ता होता. धाकटी: रोज, साडेदहा ते अकराला दहा कमी. मधली: मंगळवार आणि गुरुवार, पावणेबारा ते सव्वाबारा. थोरली: सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वाबारा ते एक. त्याच्याखाली लाल शाईत निष्कर्ष, की विवाहित कष्टकरी स्त्री आठवड्यातून सरासरी तीनदा माहेरी जाते.

हे वाचून बाईंना काहीच कसं वाटलं नाही, असं कुणीही विचारील. बाईंनी दोन दिवसांत बावीस प्रोजेक्ट तपासली होती. त्यांनी विषय पाहिला, तक्ता पाहिला, अक्षर पाहिलं आणि समासात 'उत्तम' लिहून मोकळ्या झाल्या. वर बोलावून सांगितलं, "शुक्रवारी बारा वाजता परिसंवाद आहे. तू वाचायचंस. तक्ता मोठा करून सकाळी जिन्याजवळच्या फळ्यावर लाव. प्राचार्य येतील, ऑफिसचे लोक येतील, त्या सफाईच्या कंपनीचे सुपरवायझरही येतो म्हणालेत, त्यांच्या माणसांचा विषय म्हणून." आणि थोडं थांबून, "विद्यापीठाला नाव पाठवायचं आहे, माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं! वहीवाली घरी गेली ती जमिनीवर पाय न टेकता.

गुरुवारी संध्याकाळी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वहीवाली समोर उभी राहून उद्याचं वाचून दाखवू लागली. आई पहिली पाच मिनिटं कौतुकाने ऐकत होती. माहेर आलं तशी तिचे हात थांबले. तक्ता आला तेव्हा तिने तोंडावर टॉवेल धरला. निष्कर्षापर्यंत येईतो ती कपड्यांच्या ढिगावर आडवी होऊन हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं हसायला?" वहीवाली चिडली.

"अगं चौकशी अधिकारी! आठवड्यातून तीनदा कोण माहेरी जातं? तेही पाऊण तासासाठी, हातातला मॉप ठेवून?"

"त्यांनीच सांगितलं मला. शब्द त्यांचे आहेत."

"शब्द त्यांचेच असतील." आई उठून बसली, डोळे पुसले. "कुठेतरी जाऊन पाठ टेकत असतील बिचाऱ्या. त्याला म्हणत असतील माहेर."

वहीवालीने वही मिटली.

"तुला कसं माहीत?"

आईने एक शर्ट उचलला, त्याची बाही सरळ केली. "आपण आधी सगळ्यांच्यात राहायचो ना. तुझे आजी-आजोबा, दोन्ही काका, आपण तिघं, तीन खोल्या. मी टेकले की कुणाला तरी काहीतरी हवं असायचं. मग मी न्हाणीघरात जायचे. कडी लावायची, बादली पालथी घालायची आणि तिच्यावर बसायचं. नळ जरासा सोडून ठेवायचा, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं अंघोळ चाललीये."

"आणि आत काय करायचीस?"

"काही नाही. बसायचे. तेवढंच माझं माहेर. तेही तू फार वेळ टिकू दिलं नाहीस म्हणा. दार बडवायचीस. मी उघडलं नाही की खालच्या फटीतून पेन्सिली आत सारायचीस, एकेक करून."

वहीवालीला पेन्सिली आठवल्या. दाराखालची ती ओली फट आठवली, आणि हेही आठवलं की आत सारलेली पेन्सिल थोड्या वेळाने परत बाहेर यायची. तिला तेव्हा तो खेळ वाटे. आई आतून दमलेल्या हाताने ती बाहेर ढकलत असेल हे आज, एकविसाव्या वर्षी, तिच्या ध्यानात आलं आणि तिला आईची कीव यावी की स्वतःची लाज वाटावी हे कळेना. लाजच वाटली.

मग एकदम तिला आठवलं. सकाळी फळ्यावर लावायला दिलेला तक्ता! तो तिने आजच शिपायाकडे ठेवला होता. त्यात कोण, कधी, किती वेळ जागेवर नसतं ते मोठ्या अक्षरांत, वाराप्रमाणे लिहिलेलं होतं.

शुक्रवारी ती दहालाच कॉलेजात पोचणार होती, पण बसने दगा दिला. जिना चढून वर आली तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. तक्ता फळ्यावर लागलेला होता. त्याच्यासमोर थोरली मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती, नाकावर चष्मा होता आणि ओठ हलत होते.

"अक्षर सुबक आहे तुझं," मागे न बघता थोरली म्हणाली.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?" वहीवालीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

"कॉलेजची दोन वर्षं झालीत माझी. इतिहास घेतला होता. तिसऱ्या वर्षाला लग्न ठरलं." थोरलीने चष्मा काढून खिशात टाकला. "तू विचारलं नाहीस कधी."

"माहेर म्हणजे कुठे जाता तुम्ही?"

थोरलीने हनुवटीने कॉरिडॉरच्या टोकाकडे दाखवलं. तिथून वळलं की विभागाची जुनी स्टोअररूम होती. मानवशास्त्राच्या वर्गात पूर्वी वापरत त्या प्लास्टरच्या कवट्या तिथे ठेवलेल्या असत. बाकावरून ते दार दिसत नसे. सहा आठवड्यांत वहीवाली एकदाही उठून त्या वळणापर्यंत गेली नव्हती.

"कामाच्या वेळेत बसायचं नाही, असं कंपनीचं आहे," थोरली म्हणाली. "आधीच्या इमारतीत एकजण जिन्यावर बसलेली दिसली. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं तिला. आता धाकटीला सहावा लागलाय. पाय बघितलेस कधी तिचे? ती आत्ता तिथेच आहे. कंपनीला अजून काही माहीत नाही, नाहीतर आधीच घरी बसवली असती."

"आणि सासूबाई?"

"सुपरवायझर. मिशा आहेत तो." थोरली हसली नाही. "अकराला फेरी असते त्याची."

"मला खरं का नाही सांगितलंत, मावशी?"

"तू वही घेऊन बसली होतीस ना."

वहीवाली तक्त्याकडे वळली. नुसत्या वेळा खोडाव्यात का? वेळा खोडल्या तर तक्ता कसला उरतो? माहेराच्या जागी दुसरा शब्द घालावा? पण सुपरवायझरच्या हाती कामाचं वेळापत्रक असणार, तो वेळा ताडून बघणार, मग शब्द कोणताही असो. तिला ते विद्यापीठ डोळ्यांसमोर दिसत होतं. ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं तरी दिसत होतं. "मी काय करू?" तिने विचारलं.

"ते मी कसं सांगू? तुझं तू बघ," थोरली म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली.

खाली जिन्यात बुटांचा आवाज आला. वहीवालीने टाचण्या उपटायला सुरुवात केली. चार होत्या. चौथी इतकी घट्ट बसली होती की नख तुटलं, तेव्हा तिने कागदच ओढला. कोपरा फळ्यावर राहिला. सुपरवायझर वर आला तेव्हा ती वही आणि कागदाची गुंडाळी काखेत धरून बाईंच्या खोलीच्या दारात उभी होती.

"मला प्रोजेक्ट मागे घ्यायचंय, बाई."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तासाभराने वाचायचंय आणि आत्ता मागे घ्यायचंय? कारण?"

"माहिती चुकीची आहे."

"मग बरोबर कोणती ते सांग. चूक कबूल करून वाच. त्यातही शिकण्यासारखं असतं, मी गुण कापणार नाही."

हे वहीवालीला सुचलं नव्हतं. एवढी सरळ वाट! चूक सांगायची, खरं सांगायचं, सगळे हसतील, बाई खूश होतील आणि नाव जाईल. फक्त खरं सांगायला लागेल, सुपरवायझर पहिल्या रांगेत बसलेला असताना.

"बरोबर माहिती मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

बाईंनी तिच्यासमोरच प्रोजेक्टची चाळीस पानं पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि पाचव्या-सहाव्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. विसाव्या पानावर त्यांनी प्रोजेक्ट मिटलं.

"हे मी आधी नीट वाचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तू लिहायच्या आधी नीट विचारायला हवं होतंस. प्रोजेक्ट नाही म्हणजे तीस गुण नाहीत. नाव दुसऱ्या कुणाचं तरी जाईल. मला दुसरं काही करता येणार नाही. कळतंय ना तुला?"

"हो, बाई."

"हे, तुझी वही आणि तो कागद, सगळं इथेच राहू दे." त्यांनी सगळं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

बाराला परिसंवाद सुरू झाला. वर्गाचं दार बंद झालं, आतून माइकचा खरखराट आणि टाळ्या ऐकू आल्या. वहीवाली रोजच्या बाकावर रिकाम्या हातांनी बसली. हातांचं काय करावं हे तिला समजेना. थोड्या वेळाने थोरली समोर येऊन उभी राहिली. फाटलेला कोपरा तिने फळ्यावरून काढून आणला होता.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"माहेरी. कुठे म्हणजे काय?"

स्टोअररूममध्ये जुन्या कागदांचा आणि फिनेलचा वास होता. फळीवर अकरा कवट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या कपाळावर नंबर. सात नंबरच्या डोक्यावर धाकटीची टोपी होती. जमिनीवर खोकी उलगडून अंथरलेली, वर एक जाड सतरंजी, उशीला घडी घातलेला पडदा. जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा पाय उंच ठेवण्यासाठी भिंतीशी लावला होता. त्यावर मध्येच खळगा पडला होता.

"भीती नाही वाटत यांची?" वहीवालीने कवट्यांकडे पाहून विचारलं.

"कशाला वाटेल? त्या काही काम सांगत नाहीत." थोरलीने सतरंजी झटकली. "वही कुठाय?"

"नाही आणली."

"मग पड जरा. तोंड बघ कसं झालंय."

वहीवाली आडवी झाली. पाय त्या खळग्यात बरोबर बसले. तिला फार वाईट वाटत होतं. हातची जागा गेली होती, दुसरं कुणीतरी तिथे जाणार होतं, आणि ते कुणामुळे झालं असं म्हणायला कुणी सापडत नव्हतं. ती रडली. थोरलीने समजूत घातली नाही, की काही विचारलं नाही. दाराला पाठ लावून ती उभी होती, बाहेर कुणाची चाहूल लागते का ते ऐकत. रडणं संपल्यावर खोलीत इतकी शांतता होती की वहीवालीला पालथ्या बादलीवर बसलेली आई दिसली, नळ बारीक सोडून, दाराकडे बघणारी.

"मावशी, एक विचारू?"

"विचार. तुझं तेच काम."

"माझ्या आईला आणू का इथे? एकदाच. तिला माहेर नाहीये."

थोरलीने खिशातला जुडगा चाचपला, जणू किल्ली आहे ना ते बघत होती.

"आण की," ती म्हणाली. "फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार सव्वाबाराला नको. तेव्हा माझी झोपायची पाळी असते."

वहीवालीने सवयीने घड्याळात पाहिलं. शुक्रवार होता आणि बारा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.